सत्तेचाळीसपैकी सहा

घरात देवाच्या खालोखाल मान कोणाचा, असं कोणी वर्षालीला विचारलं असतं तर तिनं क्षणाचाही विचार न करता जिन्याखालच्या पेटीकडं बोट दाखवलं असतं.

पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे. वर्षालीची मोठी बहीण करिश्मा अमरावतीला इंजिनीअरिंग करत होती, तेव्हा तिनं भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर घरी आणला, त्यात दोन डिस्क बसवल्या आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या घरात तो कायमचा चालू करून ठेवला. घरचा सर्व्हर! घरातल्या कोणीही मोबाइल उघडावा आणि पेटीतल्या आपल्या खणात काय हवं ते ठेवावं, काढावं. पप्पांच्या खणात बाळापूर रोडवरच्या वाडीचे फोटो आणि झेंडूवरच्या किडीचे जवळून काढलेले भयानक व्हिडिओ. मम्मीच्या खणात सतराशे साठ नातेवाइकांच्या लग्नांच्या शूटिंगा. आजीच्या खणात कीर्तनं. वर्षालीच्या खणात काय होतं ते वर्षालीलाच ठाऊक, कारण तिनं त्याला कुलूप घातलं होतं.

दसऱ्याला घरातल्या कात्र्या, खुरपी, तराजू पूजेला मांडले की आजी पेटीलाही झेंडूचा हार घालायची. मग करिश्मा ओरडायची, "आजी, हवेची जाळी झाकली वं! जीव कोंडन तिचा!"

"वर्षातून एक दिवस कोंडू दे," आजी म्हणायची. "फुलवाल्याच्या घरची हाय ना ते?"

आजीचं नाव पार्बताबाई. तिला कोणतीही गोष्ट एकदा समजावली की ती जन्मभर विसरत नसे, फक्त आपल्या भाषेत करून घेई. करिश्मानं तिला सांगितलं होतं की आत दोन डिस्क आहेत, एकीत जे लिहिलं जातं तेच दुसरीतही लिहिलं जातं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहेच. आजी म्हणाली, "म्हंजे सवती नाईत. जुळ्या बहिणी हायत." तेव्हापासून घरात त्यांना डावी आणि उजवी म्हणत. डावी बहीण, उजवी बहीण.

आता आबांचा खण. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढं जातच नाही.

वर्षालीचे आजोबा, उत्तमराव, म्हणजे मंगलाष्टकांचा माणूस. दिवसभर वाडीत फुलं तोडायची आणि लग्नसराईत संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून मांडवात उभं राहायचं. बाळापूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत माळ्यांच्या घरचं लग्न असलं की आधी उत्तमरावांना विचारायचं आणि मग तारीख काढायची. छापील मंगलाष्टकं ते म्हणत नसत. ते आदल्या दिवशी नवरीच्या घरी जाऊन बसत, चहा पीत, घर पाहत, आणि मग त्या घराचंच मंगलाष्टक जुळवत. त्यात नवरीचं नाव येई, मामाचं येई, दारच्या विहिरीचं येई. एकदा तर नवरीनं लहानपणी पाळलेल्या बकरीचं आलं होतं, आणि अंतरपाटाआड नवरी रडता रडता हसली होती. पण हे सगळं तोंडी. त्यांनी जन्मात एक ओळ कागदावर उतरवली नाही. "लिहिलं का गानं थंडं पडते," म्हणायचे.

तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र सकाळपासून. वर्षालीच्या मम्मीनं किती सांगितलं, आजीनं किती पुड्या मोर्णा नदीत फेकल्या. शेवटी आवाज बसला, तो उठेचना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी औषधं, मग दिवाळीनंतर ऑपरेशन, आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही.

परतीच्या एसटीत आबा मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग पप्पांकडं वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मंग दिवाळीपर्यंत बोलून घेतो."

आणि खरंच बोलून घेतलं! नवरात्र होतं. झेंडूचा मोसम, घरातले सगळे वाडीवर, कोणाला पाठ टेकायला वेळ नाही. शाळेतून येऊन घरी थांबणारी एकटी वर्षाली. नववीत होती ती तेव्हा. आबा मोबाइलमध्ये बोलायचे, ती ते पेटीत आबांच्या खणात टाकायची आणि मोबाइलमधलं पुसून टाकायची, कारण आबांचा मोबाइल म्हाताऱ्या म्हशीसारखा होता, थोडं ओझं झालं की बसकण मारायचा.

पाच-सहा दिवस झाले असतील, तर पेटी टुकटुक करायला लागली. दर मिनिटाला एकदा, टुक! आबा बोलायला लागले की नेमकं मध्येच, टुक! आबा चिडले. वर्षालीनं झाकण उघडलं, आत शोधलं, एक काळं बटणाएवढं बझर सापडलं, त्याच्या दोन बारीक वायरी. तिनं फुलांची कात्री घेतली आणि कचकन कापल्या.

"आबा, झालं!"

आबांनी मोठ्या कौतुकानं मान हलवली. "वारे माही विंजिनेर!"

वर्षालीला त्या दिवशी जमिनीवर चालायची गरजच पडली नाही. शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, फुलं न्यायला आलेल्या गोदाबाईला सांगितलं. करिश्माला मात्र सांगायचं राहून गेलं.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आबांच्या गळ्याला खाली एक भोक आलं, त्यावर मम्मीनं शिवलेला पांढरा रुमाल आला, आणि हातात वर्षालीची अंगणवाडीतली पाटी आली. बोलायचं असलं की पाटीवर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'भाजीत मीठ नाई.' आजी म्हणाली, "जीभ कापली असती तं बरं झालं असतं बाप्पा!" आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आबांच्या खणात तेव्हा सत्तेचाळीस रेकॉर्डिंग होती. शेवटची काही तर त्यांनी दार लावून एकट्यानं केलेली. करिश्माचं लग्न वैशाखातलं ठरलं, तेव्हा आबांनी पाटीवर लिहिलं, 'मंगलाष्टक पेटीत हाय. तवर कोनी आयकायचं नाई. मी बी नाई. मांडवातच.' आणि खडूनं खाली रेघ मारली. उत्तमरावांनी रेघ मारली म्हणजे मारली. त्या खणाला कोणी हात लावला नाही.

चैत्रात पेटी भरली. पप्पा वाडीतून फोटो टाकायला गेले तर जागाच नाही. करिश्माच्या लग्नाच्या आधीच्या शूटिंगनं, त्या धुराच्या आणि ड्रोनच्या प्रकारानं, उरलीसुरली जागा खाऊन टाकली होती. करिश्मा अमरावतीत नोकरीला होती. तिनं दोन नव्या मोठ्या डिस्क मागवून अकोल्याच्या पत्त्यावर पाठवल्या आणि फोन केला.

"वर्षू, खोकं आलं का? उघडू नको. मी येते तेव्हा करू."

"ताई, मले येते ना! मी पाहिलं हाय कसं करतात ते. एक काढायची, नवी लावायची, जुनीवरून नवीवर उतरू द्यायचं. मंग दुसरी."

"येते तं येते. तरी थांब. आधी दोघी बहिणी ठीक आहेत का ते पाहा लागते."

"ठीकच हायत! चालू हाय ना पेटी?"

"वर्षाली. थांब म्हटलं ना?"

"हाव बाई, थांबते," वर्षाली म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरी येताना तिनं शेजारून स्क्रू काढायचा पेचकस मागून आणला.

तिचं काही चुकलं असं बघणाऱ्याला वाटलंच नसतं. तिनं हात धुतले. पेटी नीट बंद केली. डावी डिस्क काढली, तिच्या जागी नवी लावली. पेटी चालू केली, आणि बघते तर उजवीतलं सगळं दिसत होतं, वाडीचे फोटो, कीर्तनं, किडे. मग उजवीवरचं नवीवर उतरायला लागलं. तासांमागून तास टक्के चढत होते आणि वर्षाली त्यांच्यासमोर मांडी घालून कुरमुरे खात बसली होती. दुसऱ्या दिवशी उजवीही काढली, दुसरी नवी लावली. संध्याकाळी पेटीत चौपट जागा! वर्षालीनं जिन्याखालीच नाच केला. उजवी तिनं फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, आठवण म्हणून.

आणि डावी पप्पांना दिली.

पप्पांचं बाजारात फुलांचं दुकान होतं. तिथं चार कॅमेरे होते, कारण समोरच्या पंजाबरावांची गाय रोज येऊन शेवंती खायची आणि पंजाबराव म्हणायचे, माही गाय असं करतच नाही. कॅमेऱ्याच्या डब्यातली डिस्क महिन्यापूर्वी मेली होती. वर्षालीनं डावी त्यात बसवली. स्क्रीनवर आलं, डिस्क नवी आहे, साफ करून सुरू करू का? तिनं 'हो' दाबलं.

"पाहा पप्पा! फुकटात काम झालं!"

पप्पांनी, म्हणजे चंदनभाऊंनी, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "माह्या पोरीनं केलं बरं! नववीतल्या! आता आन म्हणा तुही गाय!"

एकवीस दिवस गेले. गाय चार वेळा सापडली. पंजाबरावांनी स्क्रीनवर पाहून सांगितलं की ही गाय दिसायला सारखी आहे, पण आपली नव्हे.

लग्नाला महिना उरला तेव्हा करिश्मा घरी आली. आबा दुपारचे दुकानावर होते. ऑपरेशनपासून ते वाडीत जात नसत, दुकानावर बसून हार गुंफत. करिश्मा म्हणाली, "साउंडवाल्याला फाइल द्या लागते. मी ऐकत नाही, फक्त पेनड्राइव्हवर घेते." तिनं लॅपटॉप उघडला. आबांचा खण उघडला.

वर्षाली मागं उभी होती. आपलं कौतुक कधी सुरू होतं याची वाट बघत.

"वर्षू, आबांचे किती होते?"

"सत्तेचाळीस."

"इथं सहा आहेत."

"दुसरीकडे असतीन. नीट पाहा."

करिश्मानं नीट पाहिलं. मग दुसऱ्या खणांत पाहिलं. पप्पांच्या खणात दिवाळीचे फोटो नव्हते. मम्मीच्या खणात संक्रांतीचं हळदीकुंकू नव्हतं. ज्या शूटिंगनं पेटी भरली होती, ते शूटिंगच नव्हतं. सगळं नवरात्रातल्या एका दिवसापर्यंत येऊन थांबलं होतं. जसं काही घरात त्यानंतर कोणी जगलंच नाही.

करिश्मा खुर्चीवर मागं टेकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या दिवसांत पेटी वाजली होती का? टुकटुक?"

"हाव. आबाच्या बोलण्यात येत होतं म्हणून..." वर्षाली थांबली. "म्या वायर कापली."

करिश्मानं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. ती पेटीकडं वळली आणि हळूहळू, शिकवणीत समजावतात तसं, म्हणाली, "उजवी आजारी पडली होती. ती टुकटुक तेच सांगत होती. नंतर ती थकून बाजूला झाली, लिहायचं तिनं बंद केलं. त्या दिवसापासून सगळं एकट्या डावीत जात होतं. मेलही येत असेल मला, पण तो कॉलेजच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता मी पास झाल्यावर बंद झाला. मी बदललाच नाही." तिनं डोळे मिटले. "तू डावी काढली. एकटी उजवी राहिली. तिला काय माहीत तिच्यामागं काय झालं ते? तिनं आपलं जुनं दाखवलं. आणि तू तेच नव्यावर उतरवलं. डावी कुठं आहे?"

वर्षालीला उत्तर येत होतं.

दारात आजी उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक. ती म्हणाली, "बाजारात. गाय पाहून राह्यली."

दोघी बहिणी धावत दुकानावर गेल्या. आबा स्टुलावर बसून निशिगंधाचा हार करत होते. "आबा, कॅमेरा दुरुस्तीला नेतो," करिश्मा म्हणाली. आबांनी दोघींच्या तोंडाकडं पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा हारात मान घातली.

दुसऱ्या दिवशी त्या अमरावतीला निघाल्या. करिश्माच्या ओळखीचे देवानंदभाऊ तिथं बिघडलेल्या डिस्कमधून पुसलेलं परत काढून द्यायचं काम करत. त्यांच्या दुकानापर्यंत वर्षालीनं डिस्क मांडीवर धरली होती, फडक्यात गुंडाळून, आजारी मांजरीचं पिल्लू न्यावं तशी. बडनेऱ्याला कोणीतरी संत्री विकायला खिडकीशी आलं. करिश्मानं घेतली नाहीत. वर्षालीला भूक लागली होती आणि भूक लागल्याची लाज वाटत होती.

देवानंदभाऊ शांत माणूस होते. त्यांनी डिस्क जोडली, बराच वेळ काहीतरी चालू ठेवलं, चहा मागवला, चहा गार झाला. मग त्यांनी चष्मा काढला.

"नुसतं पुसलं असतं ना, तर मी काढून दिलं असतं," ते म्हणाले. "पुसलं म्हणजे फक्त पाटी काढून टाकली, घर तसंच असते. पण कॅमेरा दिवसरात्र लिहिते बेटा. यानं पूर्ण डिस्कवर एक फेरी मारली, दुसरी चालू होती. त्याच घरात दुसरे लोक राहायला आले. खालचं काहीच राहिलं नाही."

"काहीच म्हंजे?" वर्षाली म्हणाली. "एखादं तरी असन ना काका? अर्धं असलं तरी चालते. खरखर आली तरी चालते."

"पाहिलं मी. दोनदा पाहिलं."

"मंग काय हाय त्याच्यात?"

त्यांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली. चार चौकोन. तीन चौकोनांत रिकामा बाजार, दुपारचं ऊन, टोपल्या. चौथ्यात दुकानाच्या आत आबा.

परवाची दुपार होती. गिऱ्हाईक नव्हतं, पप्पा जेवायला गेले असावेत. आबांनी हार बाजूला ठेवला. इकडंतिकडं पाहिलं, कोणी नाही ना म्हणून. मग ते स्टुलावर ताठ बसले, उजवा हात गुडघ्यावर ठेवला, आणि त्यांची बोटं ठेका धरायला लागली. ओठ हलायला लागले. मान किंचित वर गेली, मांडवात जायची तशी. ओळ संपली की हात थोडा उचलला जाई आणि पुन्हा खाली येई. कितीतरी वेळ. शेवटी दोन्ही हात पुढं करून त्यांनी टोपलीतल्या पाकळ्या हवेत उधळल्या. एक पाकळी त्यांच्याच टोपीवर पडली. आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"याला आवाज नाही का काका?" वर्षालीनं विचारलं.

"नाही बेटा. या कॅमेऱ्यांना माइकच नसते."

येताना बसमध्ये करिश्मा म्हणाली, "मी सांगते आबांना. माझीही चूक आहे."

"नाई," वर्षाली म्हणाली. "म्याच सांगतो." ती घाबरली किंवा भांडली की तिच्या तोंडी आबांचंच बोलणं यायचं, 'सांगतो', 'करतो'. करिश्मानं तिचा हात धरला तो अकोल्यापर्यंत सोडला नाही.

आबा ओसरीवर बसले होते. वर्षाली त्यांच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगितलं. वायर, डावी, उजवी, गाय, देवानंदभाऊ. तिनं बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. फक्त दुकानात आबा काय करत होते ते आपण पाहिलं, एवढं तिनं सांगितलं नाही.

आबांनी हातातली गाठ पूर्ण केली, दोरा दातानं तोडला. आतून आजी म्हणाली, "पोरीले काई बोलू नोका बरं!" आणि लगेच तिला आठवलं असावं, कारण ती गप्प झाली.

आबांनी पाटी ओढली. लिहिलं, 'सगळे?'

"सहा हायत."

'कोनते?'

वर्षालीनं मोबाइल मधोमध ठेवला. सहाही लावली, एकामागून एक. पहिल्यात आबा नुसतं "हॅलो, हॅलो, हे चालू हाय का वं?" एवढंच म्हणत होते. दुसऱ्यात शेवंती कधी छाटायची ते. तिसऱ्यात त्यांनी आजीला अर्धा तास शिव्या दिल्या होत्या, बावन्न वर्षांच्या, क्रमानं, आणि आत भांडी घासणं थांबलं. चौथ्यात तेल्हाऱ्याच्या लग्नाची गोष्ट, मंगलाष्टक इतकं लांबलं की नवरदेव उभ्याउभ्या झोपला. पाचव्यात जेवायला बोलवावं तशी सगळ्यांची नावं. चंदन! करिश्मा! वर्षाली, ये वं, भाकर गार होऊन राह्यली!

सहावं सुरू झालं. आबांनी घसा साफ केला. टुक. "हं, तं करिश्माच्या लग्नाचं म्या आता..." टुक. "अबे काय कटकट हाय हे! वर्षाली! थे टुकटुक बंद कर वं, माह्या आवाजात येते!" पावलं वाजली, झाकण सरकलं, कात्रीचा कचकन आवाज. आणि मग जवळून, आनंदानं फुटून चाललेला, वर्षालीचा स्वतःचा आवाज, "आबा, झालं! आता बोला तुमी! आता मस्त येते तुमचा आवाज!"

तिथं संपलं.

मग आबांच्या गळ्याच्या रुमालाखालून फुस्, फुस् अशी हवा बाहेर पडायला लागली. वर्षालीनं घाबरून वर पाहिलं. आबा हसत होते. निदान सुरुवात तरी हसण्याची होती.

त्यांनी बोटानं खूण केली, सहावं पुन्हा लाव.

लग्न अकोल्यातच झालं. मांडव फुलांनी असा सजवला होता की गोदाबाई म्हणाली, बाजारात आता देवालेही फूल भेटणार नाही. मुहूर्ताच्या आधी साउंडवाला आला, "पेनड्राइव्ह द्या ना." पप्पांनी नुसता हात हलवला. अंतरपाट धरला गेला. छापील मंगलाष्टकं म्हणायला कोणीतरी पुस्तक उघडलं, तेवढ्यात आबा उठले.

ते माइकपाशी जाऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, गळ्याला पांढरा रुमाल. मांडवात कुजबुज झाली, मग तीही थांबली. आबांनी मान वर केली, उजवा हात छातीशी आणला आणि ठेका धरला. ओठ हलायला लागले. माइकमधून फक्त श्वास येत होता. मागं कोणाचं तरी लहान पोर हसलं, त्याला कोणीतरी दटावलं. ओळ संपली आणि आबांचा हात उचलला जाऊन खाली आला. एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेतून बाळापूरचे म्हातारे नत्थुजी ओरडले, "सावधान!" चाळीस वर्षं त्यांनी तो हात पाहिला होता. दुसऱ्या ओळीला पाच-दहा जण होते. चौथ्या ओळीला सगळा मांडव, आबांच्या हाताकडं बघत, नेमका.

करिश्मा अंतरपाटाआड डोक्यावरून पदर पुढं ओढून उभी होती. तिच्या मंगलाष्टकात काय होतं ते तिला कधीच कळलं नाही. वाडीतली विहीर होती की भंगारातून आणलेली पेटी होती, कोणास ठाऊक. वर्षालीच्या मुठीत अक्षता होत्या. घामानं त्या हाताला चिकटल्या, आणि लग्न लागून गेलं तरी तिची मूठ उघडली नव्हती.

मांडव उतरल्यावर चौथ्या दिवशी वर्षालीनं पेटी उघडली. करिश्माला फोन करून, विचारून. कापलेल्या वायरींची टोकं सोलली, पिळली, चिकटपट्टी लावली. आबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बघत होते.

"आबा," ती पेटीतून मान न काढताच म्हणाली, "तुमी लिहून द्या ना मले ते. ताईचं. शब्द तरी राहतीन. म्या पाठ करतो."

मागून खडूचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं.

पाटीवर लिहिलं होतं, 'आवाजासंगं येत होतं. आता ठेकाच येते.'

त्यांनी ते बाहीनं पुसलं, आणि पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षरं बारीक, जपून.

'सत्तेचाळीसवं तुह्यं होतं. तुह्या लग्नाचं.'

वर्षालीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिला विचारायचं होतं की त्यात काय होतं, कोणाचं नाव होतं, बकरी होती का, कात्री होती का. तिनं विचारलं नाही. आबा पाटी पुसायला लागले तेव्हा तिनं त्यांची बाही धरली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग सोडली, कारण पाटी एकच होती आणि त्यांना दिवसभर बोलायचं होतं.

तिनं पेटीचं बटण दाबलं. आत पंखा फिरला, दिवे लागले, आणि नव्यानं जोडलेल्या बझरनं सगळं ठीक असल्याची एकदाच खूण केली. टुक.

"बोलली वं पेटी," आतून आजी म्हणाली.

आबांची बोटं गुडघ्यावर हलली. एकदा.